मागपट्टी

सरकारी मराठी वाचताना माणसानं कंबर कसूनच बसावं, असं माझं मत आहे, आणि ते एकतीस वर्षांच्या नोकरीतून आलेलं आहे. तरीही मी फसले. आख्खं गाव फसलं.

आदेश एवढाच होता : ‘सर्व मतदान केंद्रांमधील मागपट्ट्या पंधरा दिवसांत काढून टाकाव्यात व तसा दाखला सादर करावा.’ राज्यातल्या सगळ्या तालुक्यांना तो एकाच दिवशी गेला आणि सगळीकडे बरोबर समजला. आमच्या निमगावाला तेवढा समजला नाही, कारण निमगाव मागाचं गाव आहे. घरटी दोन-चार माग, दिवसरात्र खडखडाट. इथं माग म्हणजे कापड विणायचा माग, दुसरा नाही. आणि पट्टी म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, तसलं काहीतरी भरायचं. तेव्हा मागपट्टी काढली म्हणजे मागावरचा कर माफ झाला! नगरपालिकेतल्या पोवार अण्णांनी कागद थेट कर विभागाच्या फायलीत लावला. ‘मतदान केंद्रांमधील’ हे शब्द कुणी दाखवले, तर म्हणाले, “शाळांवरची पट्टीबी माफ केली असंल. सरकारचं काय सांगता येतंय?”

मागवाल्यांनी पेढे वाटले, अण्णांना शाल-नारळ दिला. मीही एक पेढा खाल्ला. आता खोटं कशाला बोलू?

मी कुमुदिनी म्हेत्रे. शाळा क्रमांक नऊमध्ये दुसरीला शिकवते, आणि वर बीएलओ आहे. म्हणजे आमच्या वॉर्डातलं कोण अठरा वर्षांचं झालं, कोण सासरी गेलं, कोण वारलं, हे दारोदार हिंडून मतदार यादीत लिहायचं. निवडणुकीला आमचीच शाळा मतदान केंद्र होते.

त्या आदेशातली मागपट्टी होती माग काढणारी पट्टी. आठ वर्षांपूर्वी ‘लोकपाऊल प्रतिष्ठान’ नावाच्या एका संस्थेनं ती सरकारला फुकट दिली होती. बुटाच्या नाडीएवढी काळी तार. दाबली की तिच्यातून अगदी किंचित वीज निघते. कमी दाबली तर कमी, जास्त दाबली तर जास्त. ती शाळेच्या उंबऱ्याला लागून, आतल्या फरशीखाली पुरली. आपल्याकडे उंबऱ्यावर कुणी पाय देत नाही, ओलांडतात, हे त्यांच्या इंजिनियरला पहिल्या दिवशी गवंड्यानं सांगितलं, म्हणून आत पुरली. ओलांडलेला पाय पडतो तिथं.

दोन माणसांचे अंगठे सारखे नसतात, तशी चालही सारखी नसते. टाच किती जोरात टेकली, वजन कुठून कुठं सरकलं, दुसरं पाऊल किती वेळानं पडलं, हे ती तार सेकंदाला दोन हजार वेळा मोजायची आणि माणूस ओळखायची. कुणी दुबार मतदान करू नये, एवढाच हेतू सांगितला होता. आमच्या गावात मागांमुळे जमीन सारखी थरथरते, म्हणून यंत्र सुरुवातीला गांगरलं. मग खडखडाट वजा करायला शिकलं, आणि मागे उरलेली पावलं ऐकू लागलं.

पण पाऊल बरंच काही बोलतं. थकवा, गुडघा, उपाशी पोट, दिवस गेलेले, सगळं. आणि शाळेचा उंबरा काय मतदानापुरता असतो? वर्षभर लोक येतात-जातात. दोन-तीन वर्षांत यंत्र माझ्या टॅबवर याद्या पाठवायला लागलं. येणार इतके, न येणार इतके. भीमण्णा खारगे, पन्नास वर्षं एक मतदान न चुकवलेला गडी, नातीला रोज शाळेत सोडायला यायचे. त्यांच्या नावापुढं मतदानाच्या आठ दिवस आधी ‘न येणार’ आलं. मी हसले. चौथ्या दिवशी ते मागाशेजारीच गेले. डॉक्टरांना कळलं नव्हतं ते फरशीला कळलं होतं.

तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते कौतुक.

प्रतिष्ठान मतदान केंद्रांना मांडव, पाणी, पंखे, चाकाच्या खुर्च्याही द्यायचं, आणि किती कुठं द्यायचं ते यंत्र ठरवायचं. येणारे जास्त तिथं दोन मांडव. खालच्या चाळीच्या रांगेत न येणारे जास्त, म्हणून तिथं काहीच नाही. चाळीतले लोक पहिल्या खेपेला उन्हात तीन तास उभे राहिले. दुसऱ्या खेपेला आले नाहीत. यंत्राचं म्हणणं खरं ठरलं आणि त्याच्या अचूकपणाबद्दल मला एक प्रशस्तिपत्रक मिळालं.

मग कायदा आला, मागपट्टीचा तो आदेश त्यातलाच. निवडणुकीच्या व्यवस्थेत खासगी पैसा नको, एक रुपयासुद्धा नको. आम्ही पंखे उतरवले, पाण्याचे पिंप परत केले. मंडळाच्या पोरांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळही काढलं, तिथं आता नुसता खिळा आहे. टॅब कपाटात टाकला. फरशीखाली काय आहे ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही, कारण मागपट्टीचे पेढे आम्ही खाऊन बसलो होतो.

मतदानाला आठ दिवस होते. मधल्या सुट्टीत खडू काढायला कपाट उघडलं तर आत उजेड. दोन वर्षं चार्ज न केलेला टॅब सुरू होता. शिपायाला विचारलं. तो म्हणाला, प्रतिष्ठानचे साहेब सकाळी आले होते, बाईंची वस्तू आहे म्हणून चार्जिंगला लावून गेले.

पडद्यावर आमच्या केंद्राची यादी होती. येणार सहाशे बारा, न येणार चारशे तीन. म्हणजे पट्टी जिवंत होती. मागपट्टी म्हणजे ही, हे तेव्हा डोक्यात शिरलं. तसाच टॅब उचलून तहसील कार्यालयात जायला निघाले होते. पण यादी खाली सरकत होती, आणि तीनशे बाराव्या ओळीवर माझे पाय थांबले.

‘म्हेत्रे विरूपाक्ष. येणार. दुपारी ४.१०.’

विरूपाक्ष म्हेत्रे म्हणजे आमचे हे. सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेले आहेत.

हे मागाचे जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करणारा, तो जॉबर. तरुणपणी एकदा मागातून आडवं सूत नेणारा धोटा उडाला आणि डाव्या घोट्यावर बसला. तेव्हापासून डावा पाय ओढत चालायचे. टप्, सर्र. टप्, सर्र. शंभर मागांच्या आवाजात मला तो ऐकू यायचा आणि मी चहा ठेवायची. मग गावात नवे माग आले, स्वतःला स्वतःच नीट करणारे. जॉबर नको झाला. हे घराच्या उंबऱ्याशी बसून राहायला लागले. सकाळी शाळेत जाताना मी त्यांना ओलांडून जायची, संध्याकाळी ओलांडून आत यायची. हे काही बोलायचे नाहीत. एक दिवस माझा तोल गेला. मी म्हणाले, “काम मिळेपर्यंत या उंबऱ्यात पुन्हा पाऊल ठेवू नका.”

ते उठले, चपला घातल्या, “येतो” म्हणाले. आपल्यात जातो म्हणत नाहीत.

बीएलओ म्हणून मी त्यांचं नाव कधीच कमी करायला हवं होतं. मी दर वर्षी पुढं लिहीत होते, ‘तात्पुरते बाहेरगावी’. एवढा एक खोटेपणा मी नोकरीत केला, आणि तो मला मान्य आहे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर प्रतिष्ठानचे साहेब आले. अभिराम कर्णिक. पांढरा शर्ट, फार हळू बोलणं. उंबरा ओलांडताना त्यांनी पाय इतका सांभाळून टाकला, की मला वाटलं, यांना स्वतःची नोंद नको आहे.

“बाई, आम्ही तुमच्याकडे काहीच मागत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही फक्त काही करू नका. केंद्रात खासगी वस्तू नाही या दाखल्यावर तुमची सही असते. ती करा. बस.”

“आणि पट्टी?”

“राहू दे की. सगळ्या राज्यात आता तुमच्या गावातल्या सातच उरल्यात. शिकलेलं यंत्र विसरू नये म्हणून त्याला थोडी ताजी पावलं लागतात. सात पुरतील.”

“आणि आमचे हे कुठे आहेत?” मला दम निघेना.

“कायदा यायच्या आधी बारा हजार शाळांत पट्ट्या होत्या. एका शाळेत ही चाल रोज दोनदा यायची. रखवालदार असावेत. जाऊन बघितलं तर तेच.” त्यांनी मला पाणी पुढं केलं, माझ्याच तांब्यातलं. “ते येणार आहेत, एवढंच यंत्र म्हणतं.”

“चार वाजून दहा मिनिटांनी?”

“एसटीचा भरवसा नसतो. पण गाडी वेळेवर निघाली तर...” ते बोलता बोलता थांबले.

तेव्हा मला उमगलं. हे यंत्र भविष्य बघत नव्हतं, भविष्याचं गाडीभाडं भरत होतं. ज्यांना येणार म्हटलं त्यांच्यासाठी मांडव, पाणी, गाडी. ज्यांना न येणार म्हटलं त्यांच्यासाठी ऊन. मग कोण चुकणार?

आणि एवढं सगळं उमगूनही मी दाखल्यावर सही केली. खरंच केली. ‘या केंद्रात खासगी पैशातून आलेली एकही वस्तू नाही.’ सही करून कागद पर्समध्ये ठेवला. सहा वर्षं दर पावलाला कान देऊन बसलेल्या बाईनं दुसरं काय करावं? चार दहाला ते उंबऱ्यात दिसतील. मग मेला तो कायदा.

दोन दिवस मी हवेत होते. यांची आवडती शेंगाची चटणी कुटली. रत्नाक्का, आमच्या शेजारी, खिडकीतून म्हणाल्या, “काय वो बाई, कुनाचं बारसं हाय व्हय?”

तिसऱ्या दिवशी वर्गात मुलं पाढे लिहीत होती. टॅब टेबलावर होता. तो आता मी जवळच ठेवायची, यांच्या नावाची ओळ बघायला. यादी वर सारताना बोट जरा जोरात लागलं आणि नवं पान उघडलं.

‘शाळा क्रमांक नऊ. इयत्ता दुसरी. अपेक्षित मतदार, अकरा वर्षांनंतर. येणार एकोणीस. न येणार सात.’

खाली माझ्या वर्गाचा पट होता. माझ्या अक्षरातला नव्हता, एवढंच. सात नावं तांबडी. मी मान वर करून एकेकाकडे बघितलं. सातही जण मान खाली घालून बे एके बे लिहीत होते. गौरी कोळेकर, जी बहुतेक दिवशी न खाता येते आणि दारातून पाय फरफटत आत शिरते. तिच्या मागचा. खिडकीजवळची दोघं. मला कुणी विचारलं असतं, यातले कोण पुढं कुठंच पोचणार नाहीत, तर मीही हीच सात नावं काढली असती. याचीच मला जास्त भीती वाटली. गौरीला वर्षभरात एकदाही मी फळ्यापाशी बोलावलं नव्हतं.

यंत्रानं जे केलं ते मी घरी आधीच करून बसले होते. उंबऱ्यात बसलेल्या माणसाकडे बघून ठरवलं, आता यातून काही निघत नाही.

पर्समधला दाखला मी वर्गातच फाडला. मुलांना वाटलं, बाईंनी कुणाचा तरी पेपर फाडला.

तहसीलदार मॅडम तरुण होत्या. मी त्यांना मागपट्टी म्हणजे काय ते सांगितलं. त्या आधी खो खो हसल्या, पेढ्यांचं ऐकून तर डोळ्यांत पाणी आलं. मग मी टॅब समोर ठेवला. दुसरीचा पट बघितल्यावर हसू थांबलं. यांच्या नावाची ओळही मीच दाखवली, आणि सहा वर्षांचं ‘तात्पुरते बाहेरगावी’ही सांगून टाकलं.

“म्हेत्रे बाई,” त्या म्हणाल्या, “पट्टी काढली तर प्रतिष्ठानची माणसं तुमच्या यजमानांना आणणार नाहीत, हे तुम्हाला कळतंय ना?”

“कळतंय,” मी म्हटलं. “गवंडी आजच पाठवा. उद्यापर्यंत माझं मन बदलेल.”

इराप्पा गवंडी आला. दुपारी सगळ्या शाळेदेखत त्यानं उंबऱ्याच्या आतली फरशी उकरली. छिन्नीचा पहिला घाव बसला तसा टॅब थरारला. ‘अनोळखी व्यक्ती’, त्यानं लिहिलं. दुसरा घाव. ‘अनोळखी व्यक्ती. थकलेली.’ तिसरा. ‘येणार.’ इराप्पानं टॅबकडे बोट दाखवलं. म्हणाला, “बाई, हे आयकतंय काय वो?” मी म्हटलं, “आता नाही ऐकणार, ओढ.” काळी तार वीतवीत करत बाहेर आली. पडद्यावर ‘संपर्क तुटला’ आलं आणि तो काळा झाला. तार पुराव्याच्या पिशवीत गेली. बाकी सहा शाळांतल्या तारा त्याच संध्याकाळी निघाल्या.

मतदानादिवशी गावात माग बंद असतात. ती शांतता बाहेरच्या माणसाला बरी वाटेल, आम्हाला ती सोसत नाही. कानात आपलंच रक्त वाजतं. मी दारासमोर टेबल टाकून यादी घेऊन बसले. फाटकात तहसीलची जीप उभी होती, पंचनामा चालू होता. मॅडमनी सरकारी खर्चातून खालच्या चाळीच्या रांगेवर कापड ताणलं होतं. चाळीतले लोक आधी लांबूनच त्या सावलीकडे बघत होते, आपली आहे का म्हणून. मग एकेक करत आले. न येणाऱ्या चारशे तीनपैकी एकशे सदतीस आले. मी प्रत्येकापुढं खूण केली.

आणि प्रत्येक पाऊल ऐकलं. भिंतीवर घड्याळ नव्हतं. मनगटावरच्या घड्याळात चार झाले. चार पाच. माझे तळहात यादीवर ओले उमटले. गाडी रद्द झाली असणार, हे मला ठाऊक होतं. तरी चार दहाला मी उठून उभी राहिले. दारात कुणी नव्हतं. एक शेळी होती, ती उकरलेली वाळू हुंगत होती. चार वीस. पाच. सहाला फाटक लागलं. तीनशे बारापुढं खूण झाली नाही.

घरी आले तर रत्नाक्का त्यांच्या पायरीवर बसलेल्या. मला बघून उठल्या.

“बाई, तुमचे मालक आलते.”

मी पर्स खाली टाकली. “कधी?”

“चारला. नळाला पानी येतंय की, त्याच टायमाला. पांढरी गाडी आलती. ड्रायव्हर म्हनला, रात्रीच निघालोय, भाडं आदीच भरल्यालं हाय, नको म्हनून कुनी कळवलं न्हाई, पर शाळंपाशी सरकारी जीप हाय. तिथं न्हाई थांबवत, हितंच उतरा.”

“मग? आत बसवलं नाही?”

“आवो, किल्ली माझ्याकडंच हाय की! मी दार उघडून दिलं. म्हनलं, या आत. तर दारातच उभे ऱ्हायले. लई वाळल्यात. रखवालीचं कामबी सुटलं म्हनत होते. खाली बघत ऱ्हायले नि म्हनले, ‘उंबरा तसाच हाय की वो, रत्नाक्का.’ मला काय कळंना. चा ठेवते म्हनलं, तवर गाडीवाल्यानं हॉर्न मारला.”

“काही बोलले का जाताना?”

“येतो म्हनले.”

मी तिथंच पायरीवर बसले आणि रडले. रत्नाक्का पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी शाळेचा उंबरा राखत बसले होते, आणि ते माझा शब्द राखत इथं उभे होते. सहा वर्षांनी. कुणाच्या का भाड्यानं होईना, दारापर्यंत आलेला माणूस आत आला नाही तो यंत्रामुळे नाही. कर्णिकसाहेबांच्या यंत्राला सगळ्या राज्याची पावलं ठाऊक होती, पण हे एक पाऊल का थांबलं ते फक्त मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इराप्पाला घरी बोलावलं.

“उंबरा काढायचाय.”

त्यानं छिन्नी खाली ठेवली. “बाई, शाळंचं येगळं. घराचा उंबरा काडत्यात व्हय? लक्ष्मी ऱ्हात न्हाई घरात.”

“लक्ष्मीचं मी बघते. तू उकर.”

सात वाजता माग सुरू झाले. जमीन पुन्हा थरथरायला लागली, कपाटातली भांडी किणकिणली. त्या खडखडाटात इराप्पाच्या छिन्नीचा आवाज कधी बुडत होता, कधी वर येत होता. मी चहाचं आधण ठेवून, हे बसायचे त्या जागी बसले होते आणि गल्लीकडे कान लावले होते. खडखडाट वजा करायला मीही शिकते आहे.

उंबऱ्याचा दगड निघाला. खाली ओली काळी माती होती. इराप्पानं घाम पुसला.

“आता हितं काय बशिवू, बाई? संगमरवर? कडप्पा?”

“काही नको,” मी म्हटलं. “आतल्या फरशीच्या बरोबरीनं सपाट कर. डावा पाय ओढत येणारा माणूस आहे. अडखळायला नको.”